रिकामा कान

आमच्या गल्लीत सायकलची घंटी वाजली का बाया दारं लोटून घ्यायच्या. खैरनार सर आले म्हणून.

दुष्काळाच्या पुढल्या वर्षाची गोष्ट. आम्ही नाशकात नवीनच आलेलो. पाचवीला इंग्रजी लागायची, आन् ती शिकवणारे हे सर पोरं सोडून आयांच्या मागं. उंबऱ्याशी आमचंच घमेलं पालथं घालून बसायचे. चहाला हात लावायचे नाय. पहिलं इचारायचे, "कान रिकामा आहे ना, बाई?"

मी म्हणलं, सर, मला मराठी वाचता येत नाय, इंग्रजीचं काय कळणार? मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू, हात विड्या वळण्यात. ते म्हणले, "हात वळू द्या. कान तर बसूनच आहे. पोर मोठ्यानं वाचेल. अडखळली की सुपावर टिचकी मारा, ती मागं जाऊन परत वाचेल."

शेजारच्या ताराबाईनं आपल्या जागी सासूला बसवलं. म्हातारी ठार बहिरी. सरांनी लगेच ओळखलं. म्हणले, "हा कान चालायचा नाही."

माझ्या सुमनच्या बापानं सांगून ठेवलं व्हतं, इंग्रजीत नापास झाली का शाळा बंद, आईसंगं विड्या वळायच्या. मंग मी रोज सांजेला कान देऊन बसले. पोर थांबली का टिचकी. सरच म्हणायचे, बाई, श्वास तर घेऊ द्या तिला.

पोर पास झाली. शिकली, नर्स झाली, हरसूलच्या दवाखान्यात लागली. तिचा बाप गेला. खोली तीच, सूप तेच.

सर पेन्शनीत निघाले. त्यांची बायको तरणीच गेली, लेकरू नाय, हे ताराबाईकडून तवा कळलं. सरांनी कधी सांगितलं नव्हतं.

एका सांजेला घंटी वाजली. दारं लावायला आता कोणी घाई केली नाय. पोरं मोठी झाली व्हती सगळ्यांची.

मी म्हणलं, सर, वाचणारं कोणी नाय हो घरात.

ते घमेलं पालथं घालून बसले. पिशवीतून पाचवीचं जुनं पुस्तक काढलं.

"कान रिकामा आहे ना, बाई?"

"रिकामाच हाय."

सर स्वतःच वाचायला लागले. बरंच वाचलं. मंग एका जागी आवाज अडकला. ते काय अक्षराला अडले नव्हते, तेवढं मला कळत व्हतं.

मी सुपावर टिचकी मारली.

सर मागं गेले, आन् तीच ओळ परत वाचू लागले.