कलम चौथे : रुमाल टाकणे

महाराष्ट्रात कायदे दोन प्रकारचे आहेत. एक सरकार करतं ते, आणि दुसरे लोक पाळतात ते. पहिले मोठ्या आरडाओरड्यात मंजूर होतात. दुसऱ्या प्रकारातला सर्वांत भक्कम कायदा केजच्या बसस्टँडवर रोज सकाळी फुकट बघायला मिळतो. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकावा. तो ज्या सीटवर पडेल ती सीट टाकणाऱ्याची. या कायद्याला ना अधिसूचना, ना पोलीस, ना दंड. तरीही दुसऱ्याचा रुमाल उचलून कुणी त्या जागेवर बसल्याचं स्टँडवर कुणाला आठवत नाही. (गुटखाबंदीची आठवण मात्र प्रत्येक गाडीच्या खिडकीखाली लाल रंगात ओघळलेली असते.)

राधाकिशन भाऊसाहेबांना हा रुमालाचा कायदा मुळीच मान्य नव्हता. बत्तीस वर्षं ग्रामसेवकी केल्यामुळे, जिला जावक क्रमांक नाही ती गोष्ट घडलीच नाही, असं त्यांचं मत होतं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात; भाऊसाहेब निवेदनाला लागले. यंदाचं निवेदन होतं ‘सार्वजनिक ठिकाणच्या उपद्रवांस आळा घालणेबाबत’, सतरा कलमांचं. पहिलं कलम मोबाईल मोठ्यानं वाजवणाऱ्यांसाठी. दुसरं थुंकणाऱ्यांसाठी (थुंकायला बंदी आहेच, पण भाऊसाहेबांच्या मते तसं थुंकणाऱ्यांना लेखी कळवलेलं नाही). तिसरं ‘फक्त एकच विचारायचंय’ म्हणत रांगेत पुढं घुसणाऱ्यांसाठी. आणि चौथं रुमालासाठी: ‘जो कोणी रुमाल, टॉवेल, टोपी, पिशवी वा तत्सम निर्जीव वस्तू टाकून जागा अडवील, त्याचा त्या जागेवरील हक्क तात्काळ संपुष्टात येईल.’

खाली दोनशे बारा सह्या. एकानंही नाही म्हटलं नव्हतं. दोघांनी तर ‘कुणाच्या विरोधात हाय?’ एवढंच विचारलं आणि उत्तर यायच्या आत सही ठोकली.

हे निवेदन घेऊन मंगळवारी भाऊसाहेब बीडला निघाले. सोबत तुळजाबाई, त्यांच्या मंडळी. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते, आज टाके काढायचे होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, बसवून आणा, पाय लांब ठेवा, उभ्यानं आणलंत तर टाके उसवतील. जीपचा प्रश्नच नव्हता. तिथं पाय दुमडावा लागतो आणि दुमडलेल्या पायावर कुणाचं तरी लेकरू बसतं.

“अवो, रुमाल तरी आणला का?” खांबाला टेकून उभ्या तुळजाबाईंनी विचारलं.

“रुमाल बेकायदेशीर आहे.”

“आजून कुठं झालाय? तोवर टाका की!”

एवढ्यात बीड गाडी आली. माणसं चाळीस, रुमाल साठ. (जादा वीस रुमाल ‘मागून येणाऱ्या पाव्हण्यांचे’ असतात. पाहुणे आल्याशिवाय गाडी हलू नये, असं एक पोटकलम आहे.) आमदारांसाठी राखीव असं लिहिलेल्या सीटवर तिघांचे रुमाल पडले. तिथं आमदार बसलेला कुणी पाहिला नसल्यामुळे त्यांची हरकत येत नाही.

भाऊसाहेबांनी बायकोकडं पाहिलं. पट्टी बांधलेला पाय, काठीवर टेकलेला हात, घामानं डबडबलेला चेहरा. तत्त्व काय म्हणतंय हे ऐकायच्या आत त्यांच्या हातानं निवेदनाची फाईल खिडकीतून आत फेकली. ती डावीकडच्या दुसऱ्या सीटवर जाऊन बसली, आणि त्याच क्षणी समोरच्या खिडकीतून एक पिवळा रुमाल तिच्यावर येऊन पडला.

रुमाल सटवाचा. सटवा मेंढपाळ, मेंढरांचं औषध आणायला बीडला निघालेला.

“कागद टाकून जागा धरत्यात हे आमी कदी आयकलं न्हाई,” सटवा म्हणाला.

“आधी माझी फाईल पडलीय! रुमालाखाली काय आहे बघा!”

गाडीत चौकशी बसली. कंडक्टर योगिताबाईंनी हा विषय आपल्या अखत्यारीत नसल्याचं सांगून तिकिटं फाडायला घेतली. क्लासला निघालेल्या अंजूनं फाईलवर नाव आहे का बघायला ती उघडली आणि पोरीनं नेमकं चौथं कलम खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

“पर फाईल त्या ‘तत्सम निर्जीव वस्तू’त बसती का?” मागून एकानं शंका काढली.

“बसते,” भाऊसाहेब म्हणाले. बत्तीस वर्षांची सवय. नियम विचारला की उत्तर तोंडातून निसटायचंच. त्यांनी लगेच जीभ चावली, पण तोवर निकाल लागला होता.

“मग झालं तर!” गाडी एकमुखानं म्हणाली. “आमच्या सह्या हायेत त्याच्यावर!” (रुमालही त्याच कलमात बसतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.)

एव्हाना तुळजाबाई कशाबशा पायऱ्या चढून दाराशी आल्या होत्या. दांडी घट्ट धरून त्या हळूच म्हणाल्या, “आई गं.” सटवानं त्यांच्या गुडघ्याकडं पाहिलं. पिवळा रुमाल उचलला, त्याच रुमालानं सीट झटकली आणि बाजूला झाला.

“बस माय. लांब कर पाय, दोनीबी जागा घे.”

“आन् तू रं?”

“मी रोज मेंढरामागं हुबाच असतो की.”

भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. आभार कसे मानावेत याचा नमुना त्यांच्यापाशी नव्हता. ते म्हणाले, “हे... कोणत्या तरतुदीनुसार?”

“कावून? काही चुकलं का?” सटवा घाबरलाच.

बीडपर्यंत भाऊसाहेब उभे होते. बरगडीत एकाचं कोपर, कानात दुसऱ्याच्या मोबाईलमधलं कीर्तन. तशातच त्यांनी फाईल खांद्यावर टेकवून (खांदा सटवाचा) अठरावं कलम लिहिलं: ‘आजारी वा वृद्ध प्रवाशास पाहताच जागा देणे सर्वांस बंधनकारक करावे. कसूर केल्यास तीन महिने कैद.’ फाईल गाडीभर फिरली. कलम सगळ्यांना लई पटलं. सगळ्यांनी सह्या केल्या, बसल्या जागेवरून. नेकनूरला चढलेल्या ऐंशीच्या भिवराबाईंनी अंगठा उठवला, उभ्यानं, काठी बगलेत धरून.

तुळजाबाईंचे टाके शाबूत पोचले आणि निवेदनावर पोचचा शिक्का बसला. अठराव्या कलमाला मात्र सह्या अजून हव्यात. तुम्हीही कराल, त्यात शंका नाही. फक्त पेन काढण्याआधी शेजारच्या सीटवरची तुमची पिशवी तेवढी उचला. भिवराबाई अजून उभ्याच आहेत.