काळजीची तपासणी

आमच्या बंदरात दर सोमवारी घरची काळजी डब्यात भरून कचेरीत तपासून घ्यावी लागते. ती काळजीच निघाली, तर हरवलेल्या माणसाला शोधणारी लाँच आणखी एक आठवडा समुद्रात राहते.

माझा मोठा भाऊ हरेश्वर होडीसह हरवला, त्यानंतरचा हा तिसरा सोमवार. मी आणि आई सकाळीच रांगेत बसलो.

पहिल्या सोमवारी अडचण आली नव्हती. झाकण काढताच वाफ आली आणि तपासणीच्या टेबलावरच्या बिर्जेबाईंनी शिक्का मारला. दुसऱ्या सोमवारी त्यांनी डबा हलवून पाहिला आणि यात चिंता मिसळली आहे म्हणाल्या. तो जेवला असेल का, ही काळजी. आता आमचं कसं होणार, ही चिंता. तिच्यासाठी लाँचचं डिझेल जाळता येत नाही. आई ओशाळली. तिने कचेरीच्या अंगणातच गव्हाच्या चाळणीने सगळं चाळलं. मूठभर काळजी उरली. तेवढ्यावर आठवडा मिळाला.

या वेळी डबा गार होता. बिर्जेबाईंनी चष्मा पुसून आत पाहिलं आणि नेहमीचे प्रश्न हळू आवाजात विचारले. त्याचं ताट वाढता का? आई म्हणाली, रोज वाढते, काल त्याच्या आवडीचं भरलेलं पापलेट केलं होतं.

"झाकून ठेवता ना, मावशी?"

"झाकलं तर कावळा कसा शिवेल?"

बोलून झाल्यावर आईने पदर तोंडाशी धरला. रांगेतल्या कोणीही वर पाहिलं नाही.

बिर्जेबाईंनी झाकण घट्ट लावून डबा परत दिला. "हे शोकाच्या खिडकीत द्या, मावशी. तिथे शिक्का लागत नाही."

मी कचेरीत सहसा बोलत नाही. तरी माझी काळजी चालेल का, असं विचारलं आणि खिशातली पुडी पुढे केली. बाईंनी ती उलगडली. आत काहीतरी दचकून कोपऱ्यात सरकलं.

"ही धास्ती आहे बाळा," त्या म्हणाल्या. "आता दर्यावर तुला जावं लागणार, त्याची."

मी हो म्हणालो.

त्यांनी शिपायाला खूण केली. त्याने धक्क्यावर जाऊन शोधाचा बावटा उतरवला. लांबवर लाँच थांबली आणि तिने तोंड किनाऱ्याकडे वळवलं. ती लागेपर्यंत थांबू, आई म्हणाली. इतके दिवस फिरलेत बिचारे, चहा तरी विचारायला हवा.