टेकवला की टिंग

लेकीनं नवा फोन दिला आणि घड्याळकाकांनी जुना ड्रॉवरमध्ये निजवला. एवढंच झालं, पण शहाण्या माणसाची फजिती व्हायला याहून जास्त लागतं कुठे?

नवा फोन जुन्याहून मोठा आणि देखणा. (काकांनी भरपूर चौकशी केली, पण फक्त रंगाची.)

संध्याकाळी काका बेकरीत गेले. पाव घेतला आणि रोजच्या ऐटीत फोन मशीनला टेकवला. जुना नुसता टेकवला की पैसे जायचे. नवा ढिम्म! काकांनी त्याची पाठ टेकवली, पोट टेकवलं, मग हळूहळू घासायला लागले.

"काका, मशीनला मालिश करताय का?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"नवा आहे रे, लाजतोय."

बेकरीवाल्यानं फोन उलटासुलटा केला. "याच्यात टेकवायची सोयच नाही. कॅमेरे मात्र चार आहेत."

"मग काय, पावाचा फोटो देऊ तुला?"

तेवढ्यात काकू धापा टाकत हजर! एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात काकांची.

"टिंग का नाही आली?"

खातं दोघांचं. काकांनी फोन टेकवला की घरी काकूंचा फोन टिंग करायचा. काकांची आपली समजूत, बायको खर्चावर पाळत ठेवते.

"पाळत कसली डोंबलाची! गेल्या साली रस्त्यात चक्कर येऊन पडलात. तेव्हापासून टिंग आली की समजते, पोचले धडधाकट. मग चहा टाकते. आज आधण आटलं, तरी टिंग नाही!"

जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेले काका. आपल्या घरात आपणच टोले देतोय, हे त्यांना आत्ता कळलं. डोळ्यांत काहीतरी गेलं. (मैदा असेल. बेकरीच ती.)

दुसऱ्या दिवशी जुना फोन ड्रॉवरमधून उठला. बेकरीत टेकवला. टिंग! काका पाव घेऊन गुणी बाळासारखे सरळ घरी आले. चहा तयार होता, पण काकू त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागल्या.

"आता काय झालं? आली ना टिंग?"

"एकच आली. दुसरी कुठाय?"

"दुसरी कसली?"

"क्रीमरोलची! डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून वेगळे पैसे देऊन रोज चोरून खाता ना, त्याची. आज तोसुद्धा नको झाला, म्हटलं या माणसाचं काही खरं नाही!"