बापूभाऊजींबरोबर सिनेमा

शेजारच्या क्वार्टरमधल्या बापूभाऊजींबरोबर सिनेमाला जायचं म्हणजे मान खाली घालून बसायचं. पडद्यावर कोणी मेलं की ते मोठ्यानं विचारत, "याच्या घरी कोण कोण आहे?" खलनायकाचा फुटकळ गुंड मेला तरी हेच. मागून लोक ओरडत, "बैठो चाचा, राशन कार्ड बनाना है क्या?"

भाऊजी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. लढाईचे दिवस, त्यामुळे सुट्टी क्वचित. मिळाली तरी त्यांना स्वस्थ बसवत नसे. आपली सायकल खोलून झाली की आमची खोलत. "चेन करकर करून राहिली, वहिनी." चेन करकरायची ती त्यांनी खोलल्यावर.

लग्न त्यांनी केलं नाही. मोठे भाऊ निवडणुकीच्या भांडणात सुऱ्यानं मारले गेले. आईवेगळ्या पुतण्याला, अनंताला, यांनीच वाढवलं.

त्या वर्षी एक सिनेमा आला. पुढाऱ्याची माणसं बापाला मारतात, मुलगा एकेकाला शोधून संपवतो. भाऊजी प्रत्येक मुडद्याची चौकशी करत होते. अनंता पडद्यावरून नजर काढत नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबांना मारलं तो जेलमधून सुटला आहे. इथंच, गोरखपूर मोहल्ल्यात राहतो. मी घर पाहून ठेवलं."

रविवारी भाऊजींनी अनंताला बसमध्ये बसवलं, सोबत मलाही. मी काहून, विचारलं तर म्हणाले, तुम्ही कोणाजवळ बोलत नाही म्हणून.

गोरखपुरात त्यांनी एका दाराची कडी वाजवली. एक लहान मुलगी आली आणि आत ओरडली, "अम्मा, चाचाजी आए." आई बाहेर आली. अनंता कोण, हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं मुलीला ओढून पाठीमागे घेतलं.

नवरा तुरुंगात असताना भाऊजी या घरी येत होते, हे अनंताला तिथेच कळलं.

"माझ्या बापाला मारलं त्याच्या घरचा चहा पिता तुम्ही, काका?" एवढं बोलून तो निघाला.

बसमध्ये तो पुढे, एकटा बसला. भाऊजी तिकीट दुमडत होते, उलगडत होते. तो आता तुमच्याशी बोलणार नाही, असं मी हळूच म्हणाले.

"न बोलू दे. त्या माणसाऐवजी राग करायला आता मी आहे ना. मी घरातला आहे, वहिनी. माझ्यावर तो हात नाही उचलणार."

खमरियाला अनंता आमच्यासाठी न थांबता उतरला. भाऊजी बसूनच राहिले. कंडक्टर म्हणाला, "चाचा, उतरना नहीं है?"

भाऊजींनी मला विचारलं, "क्वार्टरकडेच वळला ना तो?"

मी हो म्हणाले, तेव्हा ते उठले.