वर्षातून एकदाच

निवृत्त बस कंडक्टरांची बायको आठ दिवस बहिणीकडे निघाली, तेव्हा तिने त्यांना बजावलं, "हिरवळीला फक्त पाणी घालायचं. बाकी हात लावायचा नाही." गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिने ती खोलीएवढी हिरवळ तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. रोज सकाळी तिच्यावर अनवाणी चालल्याशिवाय ती चहाला हात लावत नसे.

ती गेली आणि कंडक्टरांना एक कोपरा पिवळा दिसला. ते तडक रोपवाटिकेत गेले.

"माती आवळली असेल," रोपवाला म्हणाला. "लोखंडी काट्याने भोकं पाडा. मुळांना हवा लागते."

"किती वेळा?"

"वर्षातून एकदा. गवत जोमात असताना, आणि माती ओलसर हवी."

आता पस्तीस वर्षं तिकिटं पंच केलेल्या माणसाला भोकं पाडायला सांगितल्यावर तो थांबतोय कशाला? संध्याकाळपर्यंत अख्खी हिरवळ टोचून झाली. पण जेवताना शंका आली: एखादी जागा पंच न होता सुटली असेल तर? दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी कुठवर आलो तेच आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी काटा खसकन जमिनीखालच्या पाइपात घुसला आणि कारंजं उडालं. मुख्य नळ कुठे बंद होतो ते फक्त बायकोला ठाऊक, आणि तिला फोन करायची यांची काय बिशाद. प्लंबर येईपर्यंत हिरवळीचा पार चिखल झाला.

प्लंबर गेला आणि बायको दारात. चार दिवस आधीच.

"अहो, हे काय?"

"कोपरा पिवळा पडला होता गं," कंडक्टर म्हणाले. थापा मारणं त्यांना कधी जमलंच नाही. "भोकं पाडली. चार वेळा. चुकलं माझं."

ती पायरीवर बसली. कंडक्टरांना वाटलं, यापेक्षा ओरडली असती तर बरं.

"तो कोपरा मीच घालवलाय," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात, कडक उन्हात, कोरड्या मातीत काटा मारत बसले. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही. तिकडे जीव लागेना, म्हणून परत आले."

"म्हणजे यंदाचं तिकीट आधीच पंच झालं होतं?"

"हो."

मग तिने चपला काढल्या. "हात द्या. घसरेन मी."

तिचा हात घट्ट धरून कंडक्टर चिखलात उतरले आणि सवयीने म्हणाले, "चला, पुढे सरका."