पाचवा वाचक

कोणत्याही संस्थेला आपल्याजवळ किती बुद्धी आहे, हे ती दुसरीकडे हलवायची वेळ आल्याशिवाय कळत नाही. घर बदलतानाही असेच होते. माळ्यावर इतके डबे होते हे डबे उतरवल्यावरच समजते, आणि मग बहुतेक डबे रिकामे निघतात.

आमची कंपनी कुलपे बनवते. तिची बुद्धी, म्हणजे कोणत्या शाखेत काय खपले, काय पडून राहिले आणि त्यावरून कोणाला बोलणी बसली याचे सर्व अहवाल, इतकी वर्षे जिन्याखालच्या खोलीतल्या एका यंत्रात होती. (त्या खोलीला एसी आहे. कर्मचाऱ्यांच्या खोलीचा प्रस्ताव विचाराधीन आहे.) ती आता क्लाउडवर न्यायचे ठरले. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी जिन्याखालची खोली; पण तिचे दरमहा भाडे द्यावे लागत असल्याने तिच्याविषयी आदर वाटतो.

स्थलांतराची प्रमुख मी. निवडीचा नियमही माझाच: चालू तिमाहीत किमान पाच जणांनी न पाहिलेला अहवाल नेला जाणार नाही. "यात भावनेला जागा नाही," असे मी बैठकीत म्हणाले. साहेबांना ते इतके पटले की नियम आणि हे वाक्य चौकटीत बसवून, खाली माझे नाव घालून, पिण्याच्या पाण्याजवळ टांगण्यात आले. मी रोज तिथेच पाणी पिते.

मोजणीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. एकूण अहवाल दोन हजारांवर. कोणी ना कोणी पाहिलेले, शहाण्णव. पाहून समजलेले, माहिती उपलब्ध नाही. एकतीस अहवाल फक्त इतर अहवाल किती जणांनी पाहिले ते सांगत. ते कोणीच पाहिले नव्हते.

वगळायच्या अहवालांत 'सायंकाळची शाखानिहाय विक्री' होता. तो माझ्या बाबांनी बनवलेला. ते याच कंपनीत विक्रीचे आकडे सांभाळत. शेवटच्या रकान्यात, 'शेरा' या शीर्षकाखाली, ते रोज निघताना एक ओळ लिहीत. रजेच्या दिवशी रकाना ओका दिसू नये म्हणून त्यांनी सोय करून ठेवली होती: नवा शेरा नसेल तर आदला तसाच पुढे चालू राहावा. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी लिहिले, "दिवस बरा गेला. उरलेलं उद्या बघू." त्यानंतर नवा शेरा कोणी लिहिला नाही.

तेव्हापासून कंपनीचा प्रत्येक दिवस बरा गेला आहे. संपाचा दिवस बरा गेला. गोदामात पाणी शिरले तो दिवस बरा गेला. गेल्या वर्षी बाबा गेले, त्या संध्याकाळीही शेरा तोच होता. (एवढ्या मोठ्या आकडेवारीत एका नोंदीने सरासरी हलत नाही.)

अहवाल पाहणाऱ्या व्यक्ती: एक. मी.

ऑफिसातून निघताना आईचा फोन येतो.

"आज काय म्हणतायत?"

"दिवस बरा गेला. उरलेलं उद्या बघू."

"दुसरं काय म्हणणार! स्वयंपाकघरातला नळ किती वर्षं उद्यावर आहे. त्यालाही घेऊन जा म्हणावं तुमच्या त्या क्लाउडवर."

"आई, तिथे जागेचं भाडं पडतं."

"मग राहू दे. गळतोय तेच बरंय. घरात आवाज असतो."

आईला पाहणाऱ्यांत मोजता येत नाही. ती ऐकते, नियमात 'पाहणे' आहे.

भावनेला जागा नसल्याने मी प्रशासकीय मार्ग पत्करला. शेजारच्या हिशेबनिसाला चहा पाजला आणि अहवाल उघडायला लावला. मग स्वागतकक्षातल्या बाईंकडे गेले.

"अगं, पण यात बघायचं काय असतं?"

"काही नाही हो. नुसतं बघायचं."

तीन झाले. स्थलांतरासाठी नेमलेल्या सल्लागारांनी 'वापरात दोनशे टक्के वाढ' अशी दखल घेतली, आणि साहेबांनी भर बैठकीत तो अहवाल उघडला. चार. बैठक जुने यंत्र कोणत्या तारखेला बंद करायचे हे ठरवण्यासाठी होती. साहेबांनी शेरा मोठ्याने वाचला.

"इतका समतोल सल्ला मला सल्लागारांनीसुद्धा दिलेला नाही," साहेब म्हणाले. "तारखेचं उद्या बघू."

"मग हा अहवाल न्यायचा ना, सर?"

"चारच जण झालेत, मॅडम. नियम तुमचाच आहे. पाण्याजवळ लावलाय."

मी पाणी प्यायला गेले आणि नियम पुन्हा वाचला. 'पाच जणांनी' असे आहे. 'पाच कर्मचाऱ्यांनी' असे लिहायचे माझ्याकडून राहून गेले होते. अहवाल पडद्यावरच पाहिला पाहिजे, असेही कुठे म्हटलेले नाही. तिमाही शुक्रवारी संपते. म्हणून वर शेरा अवतरणचिन्हांत, शब्दशः दिला आहे.

तो तुम्ही पाहिलात. पाचवे तुम्ही.

आता स्थलांतर समितीकडून तुम्हाला विचारणा होईल: या अहवालाच्या आधारे आपण कोणता निर्णय घेतलात? गडबडून जाऊ नका. घरी करायचा राहिलेला एखादा फोन आठवा, आणि त्याबाबत आज काय ठरवलेत ते खरे खरे सांगा. शब्द तुम्हाला पाठ आहेतच.