गाडग्यावरची छत्री

भर दुपारी तलवाड्याच्या वाटेनं उघड्या डोक्याचा माणूस चाललाय आणि हातातली छत्री मात्र त्यानं कमरेच्या गाडग्यावर धरलीय, असं दिसलं की समजावं, आमचे इमामचाचा. निजामाच्या राज्यात लेकरांना देवी टोचायचं काम त्यांच्याकडं होतं. गाडग्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लशीच्या काचेच्या नळ्या असत. लस उन्हानं मरते, म्हणून छत्री लशीला. चाचांचं टक्कल आपलं तापून लाल.

नमाज सोडली तर चाचांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खायचे उभ्यानं, टोचायचे वाकून. "चाचा, टेका की जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "टेकू कावून? लस मरती." पाण्याचा तांब्या दिला तर आधी गाडग्याचं फडकं भिजवायचे, उरलं तर घोटभर स्वतःला. चालता चालता गाडग्याची समजूत काढायचे, "बस बेटा, आ गया गाव." देवी आली म्हणून बायका गाडग्याला हळदकुंकू लावायच्या. चाचा म्हणायचे, "लावा माय, पर बिगीबिगी लावा."

पारावरची माणसं चेष्टा करत. "चाचा, बायकोवर धरली व्हती का कदी अशी छत्री?"

"घरात कुनी असतं तर धरली असती बे," म्हणत चाचा पुढं निघालेले असत.

मी पाचेक वर्षांचा असेन. शेजारच्या वाडीत देवी आल्या, लेकरं दगावली, आणि ऐन उन्हाळ्यात चाचा आमच्या गावात आले. बायकांनी पोरं लपवली. कुणी कणगीत, कुणी कडब्याच्या गंजीत. माझ्या आधीची भावंडं जगली नव्हती. माय म्हणाली, "ह्यो एकच उरलाय. ह्याला सुरी लावू देनार न्हाई." तिनं मला माळवदावर चढवलं, रडू नको म्हणून बजावलं आणि शिडी काढून घेतली. माळवदाची माती तव्यासारखी तापलेली. मी थोडा वेळ या पायावर, थोडा वेळ त्या पायावर नाचलो आणि मग भोकाड पसरलं.

खालून चाचांनी विचारलं, "वर कोन हाय?"

"मांजर हाय," माय म्हणाली.

"मांजर 'माय, माय' करतंय व्हय?"

चाचांनी शिडी लावली आणि गाडग्यासकट वर आले. "टोचलं तर याद राखा," माय खालून ओरडत होती. चाचांनी मला पाहिलं. छत्री गाडग्यावरून काढली, माझ्यावर धरली. गाडग्यातलं ओलं फडकं काढून माझ्या पायांना गुंडाळलं. आणि मला मांडीवर घेऊन त्या तापल्या मातीवर चक्क बसले.

शिडीवरून मायचं डोकं वर आलं. ती बघतच राहिली.

"चाचा, तुमचं गाडगं उनात हाय."

"दिसतंय."

"लस मरंल की."

"मेली असंल आतापोतर."

माय वर आली. माझी बाही सरकवून तिनं मला त्यांच्यापुढं धरलं. "टोचा."

"कशानं टोचू? उद्या दुसरी आनतो."

"गेवराईला जाऊन उद्या माघारी येनार?"

"मंग? हितं बसून र्‍हाऊ व्हय?"

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत चाचा दारात हजर. मायनं स्वतः माझा दंड धरला. ते पाहून गल्लीतल्या कणग्यांतून आणि गंजींतून पोरं निघू लागली.

पुढं मी हैदराबादेत बी.ए. झालो. आमच्या घरात त्याआधी कुणाला सही येत नव्हती, तेव्हा हे मी मान वर करूनच सांगतो. चाचांना सांगायला गेवराईला गेलो. ते आता घरी बसले होते, म्हणजे घरात येरझारा घालत होते. डिग्रीचं बोलायच्या आत त्यांनी माझी बाही वर सारली आणि दंडावरचा वण अंगठ्यानं चाचपला.

"झ्याक उठली व्हती."

"चाचा, बी.ए. झालो."

"हां, हां. चल, वाटंला लावतो तुला."

बाहेर ऊन रणरणत होतं. चाचांनी छत्री उघडली आणि सवयीनं कमरेशी धरली. गाडगं तिथं नव्हतं. टकलावर ऊन घेत ते त्या रिकाम्या जागेला सावली करत चालले होते.

मी कमरेत वाकून त्या सावलीत शिरलो आणि तसाच चालू लागलो. थोडं पुढं गेल्यावर चाचांनी छत्रीचा हात माझ्या डोक्याच्या वर उचलला.